चौथ्या खणातली नळी

११ जानेवारी

आज फ्रीजरमधला बर्फ खरवडला. हे काम निघालं की आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना अचानक मीटिंगा आठवतात. मला मात्र ते आवडतं. दार उघडलं की पांढरी वाफ पायांवर उतरते आणि क्षणभर वाटतं, आपण चपलांसकट ढगात उभे आहोत. घरचे फ्रीज स्वतःचा बर्फ स्वतःच वितळवतात, म्हणजे दिवसातून अनेकदा गुपचूप आतून कोमट होतात. मटारांना ते चालतं, आमच्या नळ्यांना चालत नाही. म्हणून आमचा हा जुनाट, बर्फ साचवणारा, घुरघुरणारा, उणे वीस अंशांचा फ्रीजर.

चौथ्या खणात दादाची नळी आहे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. ऑक्टोबरात तो पोहता पोहता गेला. मासोळीसारखा पोहणारा माणूस, तलावाच्या मधोमध थांबला, काहीतरी आठवल्यासारखा, आणि मग खाली गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय धडधाकट दिसतंय, बिघाड ठोक्यांच्या लयीत असावा आणि तो घराण्यातून आलेला असू शकतो. त्याच्या रक्ताची एक बाटली आम्हाला मिळाली, तीही कुणाच्या तरी टेबलावर विसरून राहिलेली. तिच्यातून निघाला तेवढा सगळा डीएनए मी वापरला. त्याचे बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना यंत्राला ओळखता येईल अशी छोटी शेपटी जोडली. अशा तयार तुकड्यांच्या साठ्याला आम्ही लायब्ररी म्हणतो. दिसायला तो नळीच्या तळाशी बसलेला पाण्याचा थेंब असतो.

आता तो यंत्रावर चढवायचा आणि वाचून घ्यायचा, एवढंच राहिलंय. मंगळवारी रन आहे, म्हणजे यंत्राची पुढची खेप, सगळ्यांच्या नळ्या एकदम चढतात.

१५ जानेवारी

मंगळवारच्या रनमधली माझी जागा मी गुणगुण्याला दिली. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. नळ्या भरताना सतत काहीतरी गुणगुणतो आणि विचारलं की म्हणतो, मी कुठे? त्याला प्रबंधाची घाई होती. माझी लायब्ररी काय, कुठे पळून जातेय?

तरी ती बाहेर काढली. मुठीत धरून वितळवली. बर्फाचा मणी आधी कडांनी ओला होतो, मग एकदम सैल पडतो. एक थेंबुटा काढून मोजला. डीएनएचं प्रमाण झकास. परत ठेवून दिली.

२० जानेवारी

वहिनीचा फोन. तिने आधी माझ्या जेवणाची चौकशी केली, मग भाजीवाल्याची तक्रार केली, मग म्हणाली, "झालं का गं ते?"

"पुढच्या खेपेला लावते."

"किती दिवस टिकतं तुमचं ते?"

"नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं."

"छान. तुमच्या नळ्या टिकतात. माझी पोरगी तीन महिने बाकावर बसून आंबलीये, तिचं काय करू, वन्सं?"

वन्सं ती मला फक्त रागावली की म्हणते. खारू माझी भाची, नऊ वर्षांची. जन्मली तेव्हापासून गालात काहीतरी साठवून ठेवते म्हणून ती खारू. तिच्या हृदयाचा आलेख काढला तो काठावरचा निघाला: ना चांगला, ना वाईट. डॉक्टर म्हणाले, वडलांचा नेमका दोष कळेपर्यंत पळणं नाही, पोहणं नाही, जिन्यावर उड्या नाहीत. वहिनीने विचारलं होतं, मग थेट तिचंच रक्त तपासा की. पण प्रत्येकाच्या डीएनएत हजारो बारीकसारीक फरक असतात. दादातला कुठला फरक दोषी होता हे कळल्याशिवाय खारूतला कुठला पकडायचा? चावी दादाच्या नळीत आहे.

वहिनीला म्हणाले, नक्की लावते. म्हणताना खरंच वाटत होतं.

२ फेब्रुवारी

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतं बाई म्हणतात. आज मी बाईंना एक कल्पना सांगितली. आपण लायब्ररी बनवतो, ठेवतो, म्हणतो टिकतात. पण आपल्या फ्रीजरात, आपल्या नळ्यांत त्या किती टिकतात हे कधी नीट पाहिलंच नाही. जुन्या कामातल्या उरलेल्या सहा लायब्ररी घेते, दादाची सातवी. दर महिन्याला मोजायच्या, आलेख काढायचा. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना विचार पटला की त्या असं करतात. "कर. उपयोगी काम आहे."

मी फार खूश झाले. घरी येताना दोन थांबे आधीच उतरून चालत आले. संध्याकाळ निळी होती आणि रस्त्यावरच्या खिडक्या एकेक उजळत होत्या. मध्येच धाप लागली तेव्हा एका पायरीवर बसले. हल्ली व्यायामच नाही.

९ फेब्रुवारी

पहाटे स्वप्न पडलं. फ्रीजरचा चौथा खण ओढला तर तो ओढतच राहिला, लांबच लांब, आणि आत तलाव. वर काचेसारखा पातळ बर्फ, खाली दादा उताणा पोहतोय, सावकाश, डोळे उघडे. मी बर्फावर टकटक केलं. तो हसला आणि म्हणाला, "थांब गं, अजून दोन फेऱ्या." त्याच्या तोंडातून बुडबुडे आले आणि बर्फाला खालून चिकटून बसले.

जागी झाले तेव्हा इतकं बरं वाटत होतं की पुन्हा डोळे मिटून घेतले. तो काही आला नाही.

कामावर जाऊन नळी पाहिली. जागेवर होती. काढलीच आहे तर मोजून घ्यावी म्हणून मोजली.

१६ फेब्रुवारी

आजच्या रनमध्ये जागा होती. गुणगुण्याने स्वतः विचारलं, "तुझी टाकू का?" मी म्हणाले, अभ्यास चालू आहे, मध्ये नको. तो म्हणाला, "बरं बुवा," आणि मग सबंध दुपार गुणगुणला नाही.

२४ फेब्रुवारी

आज वहिनीला बँकेत काम होतं, म्हणून खारूला तिच्या शाळेच्या पोहण्याच्या तासाला मी नेलं. म्हणजे पोहायला नाही, नुसतं हजेरीला. वर्गातली पोरं पाण्यात आणि ही बाकावर, अंगात लोकरी स्वेटर, मांडीवर सगळ्यांच्या टॉवेलांचा ढीग. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी तिला स्टॉपवॉच दिलंय, ती वेळा सांगते. पाण्यावरचा उजेड छतावर हलत होता आणि तिच्या तोंडावरही. मला पेंग यायला लागली.

"आत्या, ते बुडी मारतात ना, तेव्हा मी पण इथे श्वास धरते," ती म्हणाली. "मी जास्त वेळ धरते. पण ते कुणी मोजत नाही."

मी म्हटलं, "मी मोजते."

तिने गाल फुगवले. मी मोजत होते आणि मध्येच माझा आकडा चुकला, कारण तिचे कान हुबेहूब दादाचे आहेत हे मला तेव्हाच दिसलं. तिला खोटाच आकडा सांगितला. ती खूश झाली.

५ मार्च

सातही लायब्ररी मोजल्या. सहा जशाच्या तशा, जराही ढळल्या नाहीत. दादाची मात्र उतरली आहे, बरीच उतरली आहे.

फ्रीजरवर संशय आहे. दार घट्ट लागत नसेल. रबर बदलायला सांगितलं. नळीही बदलावी का? पण एका नळीतून दुसरीत ओतताना थोडं मागे राहतं. नको.

८ मार्च

पुन्हा मोजली. आणखी उतरली.

१२ मार्च

दुपारी तळमजल्यावर चहा घेत होते तेव्हा फ्रीजरचा भोंगा वाजला. चार मजले जिन्याने धावत गेले. कुणीतरी दार अर्धवट उघडं टाकलं होतं, लावलं, भोंगा थांबला. आणि मग सगळं मऊ, पांढरं झालं. वाफेसारखं. छातीत कुणीतरी पंख फडफडवल्यासारखं वाटलं, मग काहीच नाही, मग मी जमिनीवर बसलेली आणि गुणगुण्या हातात पाण्याचा पेला घेऊन समोर उभा.

"अगं, पांढरीफटक पडलीस."

"रिकाम्या पोटी धावले."

"आत्ताच दोन सामोसे खाल्लेस," तो म्हणाला.

त्याला काय कळतंय. खरं सांगायचं तर ते पांढरेपण काही वाईट नव्हतं. त्यात कुठेतरी पाण्याचा आवाज होता. दादाची नळी सुखरूप आहे ना एवढं पाहिलं.

१९ मार्च

आज बाईंनी आलेख मागितला. मी टेबलावर ठेवला. सहा रेघा आडव्या, शांत, आणि सातवी जिन्यावरून उतरल्यासारखी खाली खाली. बाईंनी सातव्या रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, फ्रीजरबद्दल बोलतील.

"ही पातळ करून ठेवली होतीस का?"

हो. ऑक्टोबरात तयार झाली त्याच दिवशी मी ती सगळीच्या सगळी रनला लागते तेवढी पातळ करून ठेवली होती. लगेच लावणार होते ना. शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी बजावते की मूळ साठा दाट ठेवा, पातळ करा ती चमचाभरच. पातळ झालेला डीएनए नळीच्या भिंतींना चिकटतो आणि थेंबात उरत नाही. मीच ते केलं, आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

"आणि बाकीच्या महिन्यातून एकदा काढतेस. ही कितीदा?"

मी आलेखाचा कागद उगाच सरळ केला.

"दर खेपेला वितळवायची, एक थेंब काढायचा, पुन्हा गोठवायची. अगं, ती फ्रीजरमुळे कमी होत नाहीये. तू तिला मोजून मोजून संपवतेयस." बाई आवाज चढवत नाहीत, तोच त्यांचा वचक. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुला ही वाचायचीय की ठेवायचीय?"

मला रडू फुटलं. चाळीस वर्षांची घोडी मी, बाईंच्या खोलीत हुंदके देत होते. मला ती वाचायची नव्हती. वाचली की दादाचं सांगून संपलं. जोवर नळी बंद आहे तोवर त्याच्याकडे अजून एक गोष्ट आहे, माझ्यासाठी राखून ठेवलेली, आणि मी दार उघडून बघू शकते की तो आहे. हे सगळं मी बाईंना असंच्या असं सांगितलं. इतका वेळ मला ते माहीत होतं का, देव जाणे.

बाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "आणि ती मुलगी?"

खारू. टॉवेलांच्या ढिगामागे, स्वेटर घालून. मी तिलाही उणे विसात ठेवलं होतं.

२० मार्च

थेंब मोजला. रनला पुरण्याइतकं त्यात नाही. निम्म्यालाही पुरणार नाही.

रात्रभर वहिनीला काय सांगायचं याचाच विचार. सांगायचं की होतं, आणि तुझी नणंद ते बघून बघून संपवून बसली? आता पोरीला आयुष्यभर बाकावरच बसव?

२२ मार्च

बाई स्वतः टेबलावर आल्या. कित्येक वर्षांत त्यांनी हातात पिपेट धरलेलं मी पाहिलेलं नाही. "थेंबात नाही, पण नळीत आहे," त्या म्हणाल्या. "भिंतींना चिकटलेले कुठे गेलेत? तिथेच आहेत."

युक्ती अशी: त्याच नळीत, दुसरीत न ओतता, प्रती काढणारं मिश्रण घालायचं, त्यात साबणासारखा एक पदार्थ, की चिकटलेले सुटतील. मग नळी तापवायची, निववायची, पुन्हा तापवायची, थोड्याच फेऱ्या. शेपट्या दोन्ही टोकांना आहेतच, त्यांना धरून प्रत्येक उरलेल्या तुकड्याच्या प्रती निघतील. मात्र जो तुकडा गेला तो गेला, त्याची प्रत कुठून येणार? दोषी जागेचे तुकडे उरलेल्यांत असले तर बरं. नसले तर नळीभर दादा असेल आणि नेमकं तेवढंच नसेल.

मिश्रण मी घातलं. बाईंनी माझं कोपर धरलं. यंत्राचं झाकण लावलं आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर स्टुलांवर बसून राहिलो. खोलीत ऊन आलं होतं. मला वाटत होतं, आत कुणीतरी हातपाय ताणून जागं होतंय.

मोजलं. पुरेसं झालं. बाई म्हणाल्या, "आता फ्रीजरमध्ये नाही. आत्ताच्या आत्ता."

गुणगुण्याने स्वतःची जागा दिली. मी आभार मानायला लागले तर म्हणाला, "गप गं, जानेवारीपासून तुझीच आहे ती."

२७ मार्च

आलं.

अक्षरांची रास पडद्यावर सरकत होती आणि मी घरच्या माणसाचा आवाज ऐकावा तशी बघत होते. बहुतेक दादा सगळ्यांसारखाच आहे. मैलच्या मैल सगळ्यांसारखा. मग हृदयाच्या लयीच्या एका जनुकात, एका ठिकाणी, निम्म्या तुकड्यांवर एक अक्षर आणि निम्म्यांवर दुसरं. त्या जागेचे फार तुकडे उरले नव्हते, पण पुरेसे होते. मी ते पुन्हा पुन्हा मोजले. या खेपेला मोजून काही कमी झालं नाही.

एवढंसं अक्षर. ते आईबाबांपैकी कुणाकडून तरी आलं, चव्वेचाळीस वर्षं त्याच्याबरोबर राहिलं आणि एका दुपारी पाण्यात त्याला अडवलं. मला राग यायला हवा होता. मला दादाची फार, फार आठवण आली, बस.

२९ मार्च

वहिनी, खारू आणि मी डॉक्टरांकडे. त्यांनी आमचा निकाल पाहिला, त्यांच्या तज्ज्ञांकडूनही पडताळून घेतला. आता खारूच्या गालाच्या आतून कापूस फिरवायचा आणि नेमकी ती एकच जागा तपासायची. खारूने आ केला आणि कापूस बाहेर आला त्याच्यावर चॉकलेट. गालात साठवलेलं. पुन्हा चूळ भरून पुन्हा.

डॉक्टरांनी कागद भरता भरता मान वर केली. "तुम्ही सख्खी बहीण ना? मग तुमचाही घेऊ. कधी चक्कर, धडधड, असं काही?"

मी नाही म्हणणार होते. मग मला ते चार मजले आठवले, आणि चालताना मध्येच बसले ती पायरी, आणि गेल्या वर्षी बसमागे धावताना झालं होतं ते. वहिनी बाहेर खारूच्या चपलेचा बंद लावत होती. मी तोंड उघडलं आणि कापूस फिरवून घेतला.

८ एप्रिल

पाकिटं दोन होती. खारूचं आधी उघडलं.

खारूत ते अक्षर नाही.

वहिनी खुर्चीत बसून राहिली, हसली नाही, रडली नाही. डॉक्टरांना तीन वेळा विचारलं, "म्हणजे पळायचं?" "पळायचं." "पोहायचं?" "पोहायचं." "जिना?" मग बाहेर कॉरिडॉरमध्ये खारूला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या पोरीला, आणि तशीच बसस्टॉपपर्यंत गेली. खारूचे पाय वहिनीच्या गुडघ्यांवर आपटत होते.

दुसरं पाकीट घरी येऊन उघडलं. त्याच्याबद्दल आज लिहीत नाही. आज चांगला दिवस आहे.

१२ एप्रिल

खारू पाण्यात उतरली.

तलावावर दुपारची शांतता होती, शिकवणाऱ्या बाई आणि आम्ही तिघी. वहिनी पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. म्हणाली, "मला नाही बघवणार. तू बघ आणि मला सांगत राहा." मग मी सांगत राहिले. आता पायरीवर बसली. आता गुडघ्यापर्यंत. आता गार लागलं म्हणून किंचाळली, ते तू ऐकलंसच. आता कमरेपर्यंत. आता बाईंचा हात धरलाय. आता सोडला. पाण्यावरचा उजेड वहिनीच्या पाठीवर हलत होता, आणि मला वाटलं, हे सांगणं असंच चालू राहावं, दुपार संपूच नये.

"आत्या!" खारू ओरडली. "तू पण ये ना! बाबा म्हणायचा तुला त्याच्याएवढं येतं!"

"मी नाही गं येऊ शकत."

"का?"

"मला डॉक्टरांनी मना केलंय."

सहज तोंडातून गेलं. खारूने "शी!" म्हटलं आणि पाणी उडवलं. वहिनी मात्र वळली. पाण्याकडे नाही, माझ्याकडे.

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. काही विशेष नाही गं. रोज एक गोळी घ्यायची, धावायचं नाही, पाण्यात जायचं नाही. एवढंच."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुझं इतकं चांगलं झालं होतं. मध्येच माझं कुठे..."

"माझं काय आणि तुझं काय?" तिचा आवाज भिंतींवर आपटून परत आला. "एक माणूस मला काही न सांगता गेला. तू तरी..."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, ओढत घरी नेते आता. पण तिने बोटं सरकवत सरकवत नाडीवर आणली आणि डोळे मिटून, ओठ हलवत, मोजायला लागली.

"आई, बघ ना!" खारू मधूनच ओरडली. "पाय टेकत नाहीयेत! आई!"

"बघतेय," वहिनी म्हणाली, आणि मोजत राहिली.